मीटरचा बीप बांधावर ऐकू आलाच पाहिजे



बोअरची केबल तपासायची आपली रीत साधी. त्या टोकाला दोन तारा पिळायच्या, या टोकाला मल्टिमीटरचे प्रोब लावायचे. बीप वाजला की तार सलग. पण शेजारच्या डाळिंबात ब्लोअर चालू असला की बीप ऐकूच येत नाही. मग मान वळवून आकडा बघायचा, तेवढ्यात प्रोब घसरतो. परवा मी असाच चांगला जोड खराब समजून कापला.

माझं म्हणणं असं, की ही मीटरं शांत खोलीत, टेबलावर काम करणाऱ्यासाठी बनवलेली असतात. त्यात ट्रॅक्टरवर वर्षं काढलेल्या माणसाला चिरका आवाजच आधी कमी ऐकू येतो, आणि बीप नेमका चिरका असतो.

आवाज वाढवायला आधी फुकटचे उपाय करा. सेल उतरला की बीपही मरतो, म्हणून सेल बदला. रबरी कव्हर काढून बघा. बझरच्या तोंडावर कागदी स्टिकर राहिला असेल तर काढा. आत पितळेची पातळ चकती थरथरते, तिचा आवाज बाहेर पडायला वाट लागते. काही स्वस्त मीटरच्या खोक्याला ती वाटच नसते.

मग खोक्याला भोक पाडायचं का? बरेच जण पाडतात. मी म्हणतो, स्टार्टरवर 415 व्होल्ट मोजायच्या मीटरला हात लावू नका. ते खोकं म्हणजे आपल्या हाताचं संरक्षण आहे. भोकातून धूळ-पाणी आत गेलं तर बीपपायी जीव जायचा. बंद तारा तपासायला वेगळं स्वस्त मीटर ठेवा, भोक पाडायचं तर त्याला पाडा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'चालू लाइटला लावू नये'.

नुसता सेल आणि मोठा बझर जोडूनही टेस्टर होतो. पण असला बझर अगदी थोड्या करंटवर वाजतो, त्यामुळं ओला, गंजका जोडही त्याला चांगलाच वाटतो. मीटरचंही तसंच. बरीच मीटरं 30-50 ओहमच्या आत असलं की वाजतात. समजा जोडात 20 ओहम आहेत. बीप वाजेल, पण मोटारीचा 7 अँपिअर करंट धरला तर तिथंच 140 व्होल्ट खाल्ले जातील. मोटार घुमणार आणि जळणार. म्हणून बीप ऐकल्यावर ओहमचा आकडाही बघायचाच. अर्थिंगला गळती आहे का, हे मात्र मेगरच सांगतो.

आणि प्रोब लावायच्या आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला, ऑटो स्विच बंद करा. लाइट कधी येईल याचा नेम नाही.

पुढच्या वेळी मीटर घ्याल तेव्हा दुकानाच्या आत नको, बाहेर रस्त्यावर येऊन बीप ऐका. रहदारीत ऐकू आला तरच पैसे द्या.