पिल्लू आणलं, पुढे काय?

वर्गमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

सुट्टी जवळ आली की आपल्या वर्गात एकच चर्चा सुरू होते. पोपटाचं पिल्लू पाळायचं. कोणी म्हणतो मामा आणून देणार, कोणी म्हणतो बाजारातून आणणार. पिंजरा कुठला घ्यायचा हेही ठरलेलं असतं. पण पिल्लू घरात आल्यावर पहिले आठ दिवस त्याचं कसं करायचं, हे कोणी बोलत नाही. माझ्या मते तोच मुख्य प्रश्न आहे.

त्याआधी एक गोष्ट. आपल्या वाडीत पेरू खायला येतो तो हिरवा, लाल चोचीचा पोपट घरी पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९९०-९१ पासून भारतातल्या रानपोपटांची खरेदी-विक्री पूर्ण बंद झाली. त्याला पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत. आजी म्हणते, "आमच्या वेळी ओटीओटीवर पिंजरा टांगलेला असायचा." असेल, पण आता तसं चालत नाही. ज्यांच्या वाडीतले पेरू पोपटांनी टोचले आहेत ते काका म्हणतात, "बरं झालं कोंडला तर!" त्यांचा राग मला समजतो. तरी पेरूची भरपाई पिंजऱ्याने होत नाही, आणि पेरू टोचणारा थवा तर बाहेरच राहतो.

मग पाळायचं काय? दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे रंगीत पक्षी मिळतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर हासुद्धा पोपटाच्याच जातीचा आणि तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र स्वतः दाणे टिपणारं, म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांचं पिल्लूच घ्यावं. काही विक्रेते सांगतात की अगदी लहान, बिनपिसांचं न्या, हाताने भरवा, मग ते माणसाळतं. हे मला मुळीच पटत नाही. भरवायला आपला हात तयार नसतो. चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनळीत जातं, आणि खाणं जरा जास्त गरम झालं तर घशाखालची अन्नाची पिशवी भाजते. दूध-पोळी तर देऊच नये, पक्ष्यांना दूध पचत नाही.

पिल्लू घरी आलं की आपण काय करतो? सगळी आळी बघायला बोलावतो. पिंजऱ्यात बोट घालतो, शिट्ट्या मारतो, "मिठू मिठू" करतो. बिचारं भावंडांतून उचलून आणलेलं असतं. त्याला वाटत असेल, इतकी तोंडं आली ती आपल्याला खायलाच! पहिले दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. पिंजरा भिंतीला लागून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे निदान एका बाजूने भीती नसते. स्वयंपाकघरात ठेवू नये, धूर त्याला सोसत नाही. ओटीवरही नको, मांजर येतं. रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर कापड टाकावं आणि दिवा मालवावा. त्याला दहा-बारा तास झोप लागते. टीव्हीसमोर ती कशी मिळणार?

बसायला गुळगुळीत दांडीपेक्षा पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी बरी. ती कुठे जाड, कुठे बारीक असते, त्यामुळे पायाला आराम मिळतो. खायला राळे, बाजरी, थोडी कोथिंबीर, पालक. चहा, चॉकलेट, खारे वेफर अजिबात नकोत. मिरची चालते. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, हे मला फार गमतीचं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजरीचं कणीस हातात धरून शांत बसावं. ते आपण होऊन आलं तर ठीक, नाहीतर उद्या. बाहेर सोडताना आधी पंखा बंद करावा. पिसं फुगवून एका जागी बसलं तर खेळतंय असं समजू नये. पक्षी आजार लपवतात, म्हणून लगेच डॉक्टरांना दाखवावं. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

न समजता पाठ म्हणणाऱ्याला आपण 'पोपटपंची' म्हणून हसतो. पण अमेरिकेत अ‍ॅलेक्स नावाचा एक आफ्रिकी करडा पोपट होता. आयरीन पेपरबर्ग या बाईंनी त्याला शिकवलं. त्याला शंभरावर शब्द येत आणि तो सहापर्यंत मोजू शकत असे. २००७ साली तो वारला. इतकं डोकं असलेल्या जातीला एकटं कोंडून दिवसभर शाळेत निघून जाणं मला बरं वाटत नाही. बजरीगर थव्यात राहणारा पक्षी आहे. आणायचेच तर दोन आणावेत, आणि घरात कोणाला वेळ नसेल तर एकही आणू नये.

आता पालकांना एक विनंती. आपल्या गासमध्ये वठलेल्या नारळाच्या खोडात ढोली असते, तिथे हिरवे पोपट घर करतात. साधारण जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा पिल्लांचा काळ. खोड पाडलं की पिल्लं खाली पडतात, आणि मग "बिचारं सापडलं" म्हणून पिंजऱ्यात जातात. असं पिल्लू मिळालं तर खोक्यात मऊ फडक्यावर, उबेत आणि अंधारात ठेवावं, आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करावा. पण पाडण्याआधी जरा वर बघितलंत तर फोनचीही गरज नाही. पिल्लं सहा-सात आठवड्यांत उडून जातात. खोड त्यानंतर पाडता येतं.