श्रमदान कोणाचे, धान्य कोणाचे?

गावाच्या उपासमारीवर गावानेच उपाय शोधावा, त्यासाठी तरुण स्वयंसेवकांनी पुढे यावे, हे आवाहन आपल्या कानांना नवे नाही. ते खोटेही नाही. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू झाली, तेव्हा भर उन्हात कुदळ-फावडे घेऊन उतरलेली माणसे कोणाच्या हुकमाने आली नव्हती. परंतु या उत्साहाला एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. बांध घालायला सारे गाव येते. पाणी मात्र ज्याची जमीन, त्याच्याच विहिरीला लागते. ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्याने दिवसाची मजुरी बुडवून केलेले श्रमदान म्हणजे उपाशी माणसाने भरल्या घराला दिलेली देणगीच होय.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी या प्रश्नाला हात घातला. व्यवसायाने अभियंते व उद्योजक असलेल्या साळुंख्यांनी तेथे देवस्थानची चाळीस एकर जमीन कसायला घेतली आणि पुढे पाणी पंचायतीचे नियम बांधले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही! ही शेवटची अट आपल्याकडील साखरसम्राटांना रुचण्यासारखी नव्हती, हे सांगायला नकोच.

आपल्या सीमेपलीकडे झहीराबादच्या परिसरात ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’च्या स्त्रियांनी १९९० च्या दशकात असाच मार्ग धरला. या स्त्रिया बहुतांश दलित. पडीक रान लागवडीखाली आणण्यासाठी शेतकऱ्याला उसनवार द्यायची आणि परतफेड ज्वारीच्या रूपाने घ्यायची, अशी धान्यनिधीची व्यवस्था त्यांनी गावोगाव उभारली. ती ज्वारी स्वस्तात कोणाला द्यायची, हे गावकऱ्यांनीच एकत्र बसून ठरविले. कोणाची चूल किती दिवस थंड असते, हे तहसील कचेरीपेक्षा शेजाऱ्याला अधिक ठाऊक असते.

स्वावलंबनाच्या नावाखाली सरकारने अंग काढून घ्यावे, असे मात्र कोणी समजू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळणारे माणशी पाच किलो धान्य हा हक्क आहे, उपकार नव्हे. आणि कामाच्या हमीचा कायदा तर याच राज्याने १९७७ साली केला. श्रमदानाने त्यांची जागा घ्यायची नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे महाविद्यालये खेड्यांत भरवितात. सहभागी होणाऱ्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना आमची एकच सूचना आहे: पहिल्या संध्याकाळी गावाला एकत्र बोलावून भूमिहीन कुटुंबांची यादी मोठ्याने वाचावी, होणाऱ्या कामात त्यांचा वाटा किती ते कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच दुसऱ्या दिवशी कुदळ उचलावी.