थेंब खाली, गळती वर!

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, कुठेही जा, दारात मोटारसायकल दिसतेच. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी टोमॅटोचे क्रेट, सगळं तिच्याच पाठीवर. आणि जुनी गाडी जिथे उभी राहते तिथे बऱ्याचदा एक काळा डाग असतो. "जुनी झाली, गळायचीच!" असं घरातले म्हणतात. मला काही हे पटत नाही.

आधी इंजिन नीट बघा. त्याच्या अंगावर पातळ पातळ पट्ट्या असतात ना? त्या फिन्स. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तसंच हे. पृष्ठभाग वाढला की वारा उष्णता पटकन नेतो. बरीचशी उष्णता आतलं ऑईलही वाहून आणतं. चारचाकीतही अशी इंजिनं होती बरं का! जर्मनांची फोक्सवॅगन बीटल पंख्याच्या वाऱ्यावर थंड व्हायची. मेक्सिकोत ती २००३ पर्यंत बनत होती. त्याच कंपनीचा कारखाना २००९ मध्ये आपल्या चाकणला सुरू झाला. तिथल्या गाड्या मात्र पाण्यानं थंड होणाऱ्या.

मोटारसायकलीत ऑईल असतं जेमतेम एक लिटर. ते कमी झालं आणि डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरचा घाट लागला, की ओझं जास्त, वेग कमी, वारा कमी. इंजिन तापून जाम होऊ शकतं. शिवाय गळलेल्या ऑईलवर धूळ बसते आणि फिन्सना जणू गोधडी पांघरली जाते. मागच्या टायरवर ऑईल उडालं तर वळणावर गाडी घसरलीच म्हणून समजा.

मग गळती शोधायची कशी? थेंब पडतो तिथे ती क्वचितच असते. ऑईल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे सरकतं. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन ते घासा. पुसून कोरडं करा. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. मग मोठ्या माणसाला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायला सांगा. बंद केल्यावर बॅटरीच्या उजेडात बघा, हात मात्र लावू नका, सायलेन्सर भाजतो. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली, तिथे गळती! साखळीजवळचा काळा चिकटा बघून फसू नका, तो साखळीला लावलेल्या ऑईलचाही असतो. आणि पेट्रोलचा वास आला तर शोध थांबवा, कॉक बंद करा आणि घरच्यांना हाक मारा.

वरच्या झाकणाशी ओलं असेल तर रबरी रिंग कडक झालेली असते, खालच्या बोल्टशी असेल तर वॉशर दबलेला. दोन्ही स्वस्तात बदलतात. सगळे करतात ते म्हणजे पाना घेऊन बोल्ट आवळत सुटणं. इंजिन अॅल्युमिनियमचं, आटे सहज जातात, मग पाच-पन्नासचं काम हजारांवर जातं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, तेही मोठ्यांनीच.

नवी रिंग घालूनही गळतंय? मग कुकर आठवा. शिट्टीची वाट बुजली की वाफ गॅस्केटमधून फुसफुसते. इंजिनात पिस्टन खाली आला की खालची हवा दाबली जाते. ती बाहेर सोडायला ब्रीदरची नळी असते. ती चिखलानं बुजली तर दाब ऑईलला सीलमधून ढकलतो. ऑईल खुणेपेक्षा जास्त भरलं तरी तसंच. मेकॅनिककाकांना विचारा, "ब्रीदर बघितला का?"

दुरुस्तीनंतर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी कोरडा निघाला, तरी आठवडाभर ऑईलची पातळी बघत राहा, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून. धुतलेलं काळं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका हं!