चकाचक दार, पण आत जायचं कसं?

तालुक्याच्या गावांतल्या जुन्या सरकारी कचेऱ्या आता कात टाकू लागल्या आहेत. समोर काचा, पायऱ्यांना ग्रॅनाइट, आत पीओपीचं छत आणि शोभेच्या कुंड्या. पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या कोपऱ्यांपेक्षा हे बरंच, यात वाद नाही. पण मैत्रिणींनो, हे दार सजवलंय कुणासाठी?

इथे रोज येतं कोण? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन आलेली विधवा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मूल कडेवर घेऊन आलेली आई, काठी टेकत आलेल्या आजी. पावसाळ्यात गुळगुळीत ग्रॅनाइटवरून यांचाच पाय आधी घसरतो. बायकांच्या कामांसाठी मी अशा कचेऱ्यांत नेहमी जाते. एका ठिकाणी नूतनीकरणात रॅम्पही केलाय. पण इतका चढा, की चाकांची खुर्ची ढकलायला दोन गडी लागतात! खरं तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार हवा. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा.

ही काही मेहेरबानी नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत सुगम करायला सांगितलं. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, याचा फलकही लावावा लागतो. तो त्या कचेरीत आहे, पण कुंडीच्या मागे! मग ‘बाई, उद्या या’ म्हटलं, की बाई मुकाट्याने परत फिरते. एका हेलपाट्यात तिची दिवसाची मजुरी बुडते.

‘निधी नाही’ हे उत्तर पटत नाही. ग्रॅनाइटला निधी होता ना? खरखरीत फरशी, चार बाकडी, पिण्याचं पाणी, कुठलं काम कुठल्या खोलीत हे सांगणारी ठळक मराठी पाटी, बसूनही बोलता येईल इतकी खाली चौकशीची खिडकी आणि कुलूप नसलेलं बायकांचं स्वच्छतागृह, एवढं झालं तरी पुष्कळ.

तुमच्या गावात असं काम निघालं, तर बचत गटातर्फे आधीच लेखी निवेदन द्या. माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवा. फरशी एकदा बसली, की ती पुन्हा उखडायला कुणी तयार होत नाही. तेव्हा बोलायचं ते आधीच!