पाऊस पाडायचा, तर कुणाला विचारून?

पावसाने ओढ दिली की मोबाइलवर बातमी येते: विमानाने पाऊस पाडणार. वरवे बुद्रुकसारख्या गावातल्या नववीच्या मुलाला प्रश्न पडतो, असं खरंच होतं का? आज त्याचं उत्तर तो रीलमध्ये शोधतो. ते वर्गात मिळायला हवं. म्हणून हवामान अभियांत्रिकी हायस्कूलमध्येच शिकवावी.

हवामान अभियांत्रिकी म्हणजे काय?

पृथ्वीची तापमानवाढ रोखण्यासाठी मोठ्या प्रमाणावर, मुद्दाम केलेला हस्तक्षेप. एक मार्ग हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याचा, दुसरा सूर्याची थोडी उष्णता परतवण्याचा. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जगाचं सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्धा अंश उतरलं. हेच काम विमानांनी करायचं, अशी कल्पना आहे. पण ही तापाची गोळी झाली. रोग तसाच राहतो. फवारणी अचानक थांबली तर दबलेली उष्णता झपाट्याने परत येईल. मान्सूनही बिघडू शकतो.

कृत्रिम पाऊस त्यातलाच का?

काटेकोरपणे पाहिलं तर नाही. तो एका भागापुरता, काही तासांचा प्रयोग असतो. पण धडा इथूनच सुरू करावा. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात २७६ ढगांवर प्रयोग केला. सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये १८ टक्के जास्त पाऊस नोंदवला गेला. तोही योग्य ढग असतानाच. वाफसा नसताना पेरलं तर उगवत नाही, तसंच हे.

खरा प्रश्न कोणता?

निर्णय कुणाचा? स्वीडनमध्ये २०२१ साली हार्वर्डच्या संशोधकांना फुगा उडवून फक्त यंत्रणा तपासायची होती. स्थानिक सामी लोकांनी आक्षेप घेतला आणि चाचणी थांबली. याउलट मेक्सिकोत एका अमेरिकी स्टार्टअपने २०२२ मध्ये परवानगी न घेताच फुगे सोडले. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी जाहीर केली.

भोरच्या मुलांना हा वाद परका वाटणार नाही. भाटघर धरण त्यांच्या तालुक्यात, पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे. जमीन कुणाची बुडते आणि ऊस कुणाचा भिजतो, हे त्यांना पुस्तकाआधी कळतं. आता तोच प्रश्न आभाळाबद्दल विचारायचा.

शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे खरं. पण वेगळं पुस्तक नको, परीक्षाही नको. विज्ञानाचा एक तास आणि नागरिकशास्त्राचा एक तास पुरे: पहिल्यात ढग कसा बरसतो, दुसऱ्यात तो कुणाच्या शिवारात बरसावा यावर वादविवाद.

आज नववीत असलेली मुलं चार-पाच वर्षांत मतदान करतील. त्यांच्या आभाळाचा निर्णय होताना त्यांना निदान प्रश्न तरी विचारता यायला हवेत.