ट्रेनिंगचा फोटो झाला, पुढे काय?

एमआयडीसीतल्या एआय ट्रेनिंगचे फोटो हल्ली सारखे दिसतात. बॅनर, पाहुणे, सर्टिफिकेट, चहा-समोसा. छान! पण मालकहो, त्या दिवसानं कारखान्याला काय दिलं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच चार पायऱ्या सांगितल्यात. ट्रेनिंग आवडलं का, काही शिकले का, कामाची पद्धत बदलली का, धंद्याला फायदा झाला का. आपली गाडी फीडबॅक फॉर्म भरला की पहिल्याच पायरीवर थांबते.

समजा, तपासणीला एआय कॅमेरा बसवलाय. तो चांगला जॉबही बाद करतो, ते कसं ओळखायचं हे कामगारांना शिकवायचंय. मग शिकवण्याआधी महिनाभर लिहून ठेवा ना: चुकून बाद झालेले किती, गिऱ्हाइकाकडून परत आलेले किती. एका शिफ्टला आधी शिकवा, दुसरीला महिन्यानं. मधल्या काळात फरक दिसला तर श्रेय ट्रेनिंगचं. नाहीतर कॅमेऱ्याचं श्रेय ट्रेनर घेऊन जातो!

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात मालक मंडळींचाच अंदाज आहे, २०३० पर्यंत कामाला लागणारी ३९ टक्के कौशल्यं बदलतील. तरी ऑर्डरी घटल्या की पहिली कात्री ट्रेनिंगला, कारण दाखवायला आकडाच नसतो. मग पंचेचाळिशीतल्या ऑपरेटरला ऐकवतात, "काका, तुम्हाला हे जमायचं नाही." अहो, शिकवलं कधी?

युनियनवाल्या मित्रांनो, हा आकडा तुम्हीही मागा. फायदा झालाच असेल, तर पुढच्या पगारवाढीच्या बोलणीत तो कागद टेबलावर पाहिजे.