माती, गादी आणि बर्फ

खाशाबा जाधवांच्या जन्माला १५ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच तारखेच्या राज्य क्रीडादिनाला हारतुरे, भाषणे होतात, हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाची उजळणी होते. त्याआधीचे १९४८चे लंडन ऑलिंपिक मात्र सहसा कोणी काढत नाही. गोळेश्वरचा हा मातीतला पैलवान तिथे गादीवर उतरला, परक्या नियमांनी लढला आणि सहावा आला. पुढच्या चार वर्षांत त्याने गादीही आपलीशी केली.

त्या शताब्दीनंतर तीन आठवड्यांनी इटलीत हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले. मावळातल्या औंढ्यात त्याचे कोणाला काय? इथे पाऊस उदंड. बर्फ पाहायचा तो रसवंतीत. तरी क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गरची गोष्ट मावळातल्या पोरांना सांगावीशी वाटते. ती पूर्व जर्मनीची स्पीड स्केटर. १९८०मध्ये तिचे प्रशिक्षक एर्न्स्ट लुडिंग (पुढे लग्नही त्यांच्याशीच झाले) यांनी बर्फ नसलेल्या महिन्यांत सायकल मारायला सुचवले. क्रीडाधिकाऱ्यांनी आधी नाक मुरडले. पण दोन्ही खेळांत कमरेत वाकायचे आणि जोर मांड्यांचाच लावायचा. १९८६मध्ये ती सायकल स्प्रिंटची जगज्जेती झाली. १९८८च्या फेब्रुवारीत कॅलगरीला बर्फावर एक सुवर्ण, एक रौप्य आणि सप्टेंबरात सोलला सायकलवर रौप्य! एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकांत पदके मिळवणारी ती एकटीच. १९९४पासून हिवाळी स्पर्धा वेगळ्या वर्षी होऊ लागल्याने तो पराक्रम आता कोणाला करताच येणार नाही.

आपल्याकडे कबड्डीतले पोर दुसऱ्या मैदानावर दिसले की 'धरसोड' म्हणून मोकळे होतात. दहावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण, सारे प्रमाणपत्रावर अडलेले. मग आईबाप एकच खेळ घट्ट धरून बसतात, त्यांना दोष तरी कसा द्यावा? दोष सोय न करणाऱ्यांचा आहे. सोय नसतानाही मनालीकडचा शिवा केशवन ल्यूजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, चाके लावून डांबरी रस्त्यांवर सराव करत सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. महाराष्ट्राच्या स्केटरांनीही लेहच्या बर्फावर पदके मिळवली आहेत.

क्रिस्टाचे बर्फाविना जाणारे महिने मावळात पावसाच्या रूपाने येतात. जून ते सप्टेंबर मैदानावर पाणी. तेवढे चार महिने कबड्डीच्या पोरांना कुस्तीची गादी, धावणाऱ्यांना पोहण्याचा तलाव किंवा छपराखालची प्रस्तरारोहणाची भिंत मिळावी. क्रीडादिनाचा मंडपखर्च थोडा आखडता घेतला, तरी सुरुवात होईल.